न दिलेली हाक

खाऱ्या पाण्याने चहूबाजूंनी वेढलेल्या एका बेटावर एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवी ओरडली की बरीच माणसे कपाळाला आठ्या घालतात, आता काहीतरी वाईट घडणार म्हणून कुजबुजतात. या बेटावर मात्र तिच्या आवाजाला फार मान होता. आणि तो का होता, ते आधी सांगायला हवे.

बेटापुढे समुद्रात काळ्या खडकांची एक लांबलचक रांग होती. भरती आली की खडक पाण्याखाली जात आणि वर नुसता फेस दिसे. त्या रांगेत एकच फट होती, दोन हरणे शेजारी शेजारी उभी राहतील एवढी. बेटावरून ती चांगली दिसे. समुद्रातून येणाऱ्याला मात्र फट कुठली आणि खडक कुठला, काही कळत नसे. म्हणून फटीच्या बरोबर समोर, किनाऱ्यावरच्या उंच दगडावर उभी राहून टिटवी हाक देई. त्या आवाजाच्या रोखाने सरळ यायचे, इकडे तिकडे वळायचे नाही, की येणारा सुखरूप वाळूला लागे. हे काम तिच्या आईने केले होते, आजीने केले होते. मासे मारायला गेलेली पाणमांजरे धुक्यात अडकली की तिच्याच हाकेवर घरी येत. कधीमधी एखाद्या ओंडक्याला धरून कोणी परका प्राणी वाहत आला, तर त्यालाही ती तशीच हाक देई. असा पाहुणा आला की झऱ्याचे पहिले पाणी त्याने प्यायचे, मग बेटावरच्यांनी, अशी तिथली रीत होती.

पुढे असे झाले, की पलीकडच्या किनाऱ्यावर लागोपाठ तीन वर्षे पाऊस पडला नाही. उरलेसुरले गवत वणव्यात गेले. तिकडचे प्राणी उपाशी मरू लागले, तेव्हा कोणीतरी त्यांना सांगितले, की समुद्रापलीकडे एक हिरवे बेट आहे आणि तिथला एक पक्षी हाक देऊन वाट दाखवतो. मग काय, पहिल्या महिन्यात दोन ससे आले. नंतर भेकरांचे एक कुटुंब आले. नंतर कधी चार, कधी सहा. टिटवी हाका देत राहिली आणि झऱ्यावर पहिले पाणी प्यायला रांग लागू लागली.

आता बेटावर कुरबूर सुरू झाली. उन्हाळ्यात झऱ्याचे पाणी दरवर्षीच चार बोटे उतरे, तसे ते या वर्षीही उतरले. पण या वर्षी त्याला कारण सापडले होते. माकडीण ज्याला त्याला सांगत सुटली, की हे लोक अंगावर गोचिडी घेऊन येतात, तिकडची दुखणी घेऊन येतात, आणि हो, आंबट कैऱ्यासुद्धा सोडत नाहीत. बेटाचा पुढारी रानडुक्कर होता. त्याचा कळप सकाळपासून झऱ्याच्या ओहोळात लोळत असे आणि पाणी पार गढूळ करून टाकी. पण पाणी कमी का झाले, यावर सर्वांत काळजीने बोलायचा तोच.

त्याने उंडीच्या झाडाखाली सभा बोलावली. पाणमांजरे तेवढी नव्हती, ती मासेमारीला गेली होती. जो तो आपापले गाऱ्हाणे मांडत होता. सगळ्यांचे ऐकून घेतल्यावर म्हातारे कासव म्हणाले, की मी लहान होतो तेव्हा या पुढाऱ्याचे आजोबाही असेच ओंडक्याला धरून आले होते, आणि त्यांचे डोळे मिठाने इतके सुजले होते की त्यांना झऱ्यापर्यंत हाताला धरून न्यावे लागले. रानडुकराने कासवाकडे रोखून पाहिले आणि ते दिवस वेगळे होते, एवढेच म्हणाला. कासवाने मान आत घेतली आणि सभा संपेपर्यंत बाहेर काढली नाही. खरे बोलून झाले, आता आपले काम संपले, असे त्याला वाटले असावे. असे बरेच जण असतात.

कोणी म्हणाले, येणाऱ्यांना किनाऱ्यावरूनच हाकलून द्या. पण ते कोणाला आवडले नाही. आपण काही दुष्ट नाही, आपण पाहुण्याला पहिले पाणी देणारे लोक, असे प्रत्येकाच्या मनात होते. तेव्हा रानडुकराने तोडगा काढला. तो म्हणाला, "कोणाला मारायचं नाही, कोणाला हाकलायचंही नाही. फक्त टिटवीबाईंनी परक्यांसाठी हाक द्यायची नाही. वाट सापडली तर येतील, नाही सापडली तर परत जातील."

सगळ्यांना एकदम हलके वाटले. इतका सोपा आणि सभ्य तोडगा आपल्याला आधी का सुचला नाही, असे म्हणत सगळे उठले. सभा पांगल्यावर टिटवी मात्र रानडुकराकडे गेली आणि म्हणाली, की हाक द्यायचीच नाही हे मला जमायचे नाही, माझ्या आईने मला असे शिकवलेले नाही. रानडुक्कर जराही चिडला नाही. तो तिच्याबरोबर तिच्या घरट्यापर्यंत चालत आला. आता टिटवीचे घरटे म्हणजे काय, तर उघड्या जमिनीवर चार खडे सारून केलेला खळगा. त्यात तिची चार अंडी होती. ती अंडी बघून रानडुक्कर हसला.

"छान आहेत," तो म्हणाला. "आमचा कळप रोज इथूनच जातो, पण मी पोरांना सांगून ठेवलंय, की टिटवीबाईंच्या घरट्याला वळसा घालून जायचं. ऐकतात बिचारी. पुढेही ऐकतील, असं आपण सगळ्यांनीच वागलं पाहिजे."

टिटवी जाऊन अंड्यांवर बसली.

आठ-दहा दिवसांनी, भर दुपारी, भरतीच्या वेळी तिला खडकांपलीकडे एक तराफा दिसला. वाहून आलेले बांबू वेलींनी कसेबसे बांधलेले, आणि त्यावर नऊ जण. बहुतेक ससे होते, एक साळिंदर होते. टिटवी सवयीने दगडावर चढली, तिने चोचही उघडली. तेवढ्यात झऱ्याकडून कळपाचा आवाज आला आणि तिचे लक्ष अंड्यांकडे गेले. तिने चोच मिटली.

परत जातील, ती स्वतःला सांगत राहिली. फेस बघतील, खडक आहेत हे ओळखतील आणि परत जातील. पण तराफा परत जाईना. तो पुढेही येईना. ससे पायांनी पाणी मारून मारून त्याला खडकांपासून जेमतेम दूर ठेवत होते आणि सगळ्यांचे कान तिच्या दगडाकडे उभे होते. इतका वेळ हे थांबलेत कशाला, टिटवीला कळेना. मग तिला वाटले, की ते आपल्यालाच शोधत आहेत. तेव्हा तिने जे केले ते तिला पुढे कधी विसरता आले नाही. ती दगडावरून खाली उतरली आणि दगडाच्या मागे अंग चोरून बसली.

एक मोठी लाट आली. वेली तुटल्याचा आवाज तिने ऐकला. नंतर बराच वेळ तिने पाहिलेच नाही, आणि पाहिले तेव्हा पाण्यावर सुटे बांबू होते.

नवांपैकी एक सशीण तेवढी वाळूला लागली. तिचा मागचा पाय मोडला होता. ही बातमी कळताच सगळे बेट धावत आले. माकडिणीच्या डोळ्यांना धार लागली. गोचिडीचे ती विसरूनच गेली आणि सशिणीचे अंग तिने स्वतःच्या हाताने पुसले. रानडुकराने समुद्राचा काही भरवसा नाही, असे म्हणून मान हलवली. सशिणीला झऱ्यावर नेऊन पहिले पाणी पाजण्यात आले आणि ते पाहून सगळ्यांचा ऊर भरून आला. एकटी सशीण पाणी ते किती पिणार? तिच्याशी चांगले वागणे सगळ्यांना परवडत होते.

तिला बीळ मिळाले ते टिटवीच्या घरट्याजवळच. पाय बरा होईपर्यंत तिला फार हिंडता येत नव्हते, म्हणून टिटवी तिला जवळपासचे कोवळे गवत कुठे आहे ते दाखवी, घार दिसली तर आधीच सावध करी. सशीण फारसे बोलत नसे. एके दिवशी मात्र चरता चरता तिने विचारले, "तुमच्याकडे हाक देणारा एक पक्षी होता ना? तो कधी गेला?"

टिटवीला खरे सांगायचे होते. शब्द चोचीशी आलेही होते. पण समोर ही मोडक्या पायाची बाई, जिचे सगळे घरदार त्या फेसात गेले होते. "झाले बरेच दिवस," टिटवी म्हणाली.

"कसा गेला?"

"आजारी होता."

सशिणीने मान डोलावली आणि पुन्हा गवताला तोंड लावले. त्या दिवसापासून टिटवी आपल्याच जागी आपण मेलेली असल्यासारखी वावरू लागली. बरे, हवा अशी स्वच्छ होती, की पाणमांजरांनाही तिच्या हाकेची गरज पडत नव्हती. दिवसांमागून दिवस गेले. अंडी फुटली, चार पिल्ले बाहेर आली आणि टिटव्यांची पिल्ले जशी पळतात तशी पहिल्याच दिवशी तुरुतुरु पळू लागली. सशीण त्यांच्याकडे एकटक बघत बसे. कधी तिच्या अंगावर ती चढत, तरी ती हलत नसे.

आणि मग एका सकाळी धुके आले. हातभर अंतरावरचे दिसेना. तीन पाणमांजरे पहाटेपासून बाहेर होती आणि भरती चढत होती. थोड्या वेळाने खडकांपलीकडून त्यांच्या शिट्ट्या ऐकू येऊ लागल्या, आधी सावकाश, मग घाईघाईने. टिटवी दगडाखाली उभी होती. हाक दिली तर बिळात बसलेल्या सशिणीला कळणार होते. हाक दिली नाही तर आणखी तीन जीव जाणार होते. तिला वाटले, एवढा एकदा धुक्याने माझा आवाजही गिळावा. पण आवाज तसा गिळला जात नाही. ती दगडावर चढली आणि तिने हाक दिली. एकदा दिली, मग देतच राहिली, एकामागोमाग एक पाणमांजरे वाळूवर येऊन अंग झटकू लागेपर्यंत.

ती थांबली तेव्हा खाली सशीण उभी होती. लंगडत, धुक्यातून आवाजाचा माग काढत ती आली होती. पाणमांजरे आपल्या वाटेने निघून गेली, तरी ती तिथेच होती.

"त्या दिवशी तू कुठे होतीस?" तिने विचारले.

"इथेच," टिटवी म्हणाली. "या दगडाच्या मागे."

सशीण ओरडली असती, तिने दगड मारला असता, तर टिटवीला बरे वाटले असते. पण ती नुसती उभी राहिली. टिटवीने मग सभेचे सांगितले, रानडुकराचे सांगितले आणि शेवटी म्हणाली, "माझी चार अंडी उघड्यावर होती गं."

"चारही जगली ना?"

"जगली."

"बरं झालं," सशीण म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. चारही पिल्लांना ती ओळखत होती, आणि ती जगली याचे तिला खरेच बरे वाटत होते. टिटवीला तेच सहन होईना.

थोड्या वेळाने सशीण आपणहून बोलू लागली. "तराफा मोडेल, परत फिरू, असं माझा नवरा म्हणत होता. सासूबाई फिरू देईनात. म्हणाल्या, तिथला पक्षी हाक देतो, आजवर दिली नाही असं झालेलं नाही, थांबा जरा. म्हणून आम्ही थांबलो. फार वेळ थांबलो. मग वेली सुटायला लागल्या, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, बिचारा मेला असेल रे, नाहीतर त्याने हाक दिलीच असती. शेवटी त्या रडल्या त्या तुझ्यासाठी."

एवढे सांगून ती वळली आणि लंगडत बिळाकडे गेली. दुसऱ्या दिवशी तिने बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला नवे बीळ उकरायला घेतले. टिटवी त्यानंतर रोज भरतीच्या वेळी दगडावर उभी राहून हाक देऊ लागली, समोर कोणी असो वा नसो. रानडुक्कर एकदा समजवायला आला, दुसऱ्यांदा दटावायला आला. तिने पिल्ले पंखाखाली घेतली आणि हाक देणे चालू ठेवले. पण पलीकडून एकही तराफा आला नाही. जे येणार होते ते वाटेत बुडाले, की उपाशीच मेले, की त्यांनी या बेटाची आशा सोडली, हे तिला कधीच कळले नाही.

तात्पर्य : ज्याला वाट ठाऊक आहे, त्याचे गप्प बसणे हेही बुडवणेच असते.