झोळीचा दांडा

"पण बाबा, ही धार टिकत का नाही?"

इमामबाबांनी मान वर केली नाही. घरामागच्या पडवीत बसून ते एक लाटणं घासत होते.

"कुठली धार?"

सोपाननं पटाशी पुढं केली. पुढं केली म्हणजे नुसती दाखवली. मग डाव्या हातावरून ती हलकेच फिरवली. त्या हातावर आता एकही केस उरला नव्हता, तरी फिरवली.

सोपान न्हावी होता. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या मागं दुकान त्यानंच सांभाळलं होतं. वस्तऱ्याला त्याच्यासारखी धार पंचक्रोशीत कुणी लावत नाही, असं लोक म्हणत. लोक विसरले तर तो स्वतः म्हणे. गेल्या दिवाळीपासून तो बाबांकडे लेथवर लाकूड कातायला शिकत होता.

लेथवर सागाचा एक लांब तुकडा चढवलेला होता. आबांच्या दुकानातल्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीचा तो मागचा पाय. बाकीची खुर्ची वाळवीनं खाल्ली, एवढाच वाचला.

सोपानची बहीण कुसुम बाळंतपणाला माहेरी आली होती आणि उद्या बारसं होतं. घरात झोळीसाठी बांबूचा दांडा होता, आढ्याला मधोमध एका दोरीनं टांगलेला. त्याच्यावर मधली दोरी सरकायची, झोळी एका अंगाला कलायची आणि कुसुम दचकून उठून बसायची. नवा दांडा आबांच्या खुर्चीतूनच करायचा, असं सोपाननं मनात घेतलं होतं. आबांना नातीचं तोंड बघायला मिळालं नव्हतं. निदान त्यांच्या खुर्चीनं तरी तिला झुलवावं.

ते लाकूड रोज लेथवर चढत होतं आणि संध्याकाळी तसंच उतरत होतं. त्याला अजून पटाशी लागली नव्हती.

"पोलादच हलकं आहे, बाबा. बाजारातला स्वस्तातला माल. इथं भंगार लाकडावर लावून बघतो, तर चार फेऱ्यांत धार जाते. मग आबांच्या लाकडाला ही कशी लावू?"

"नाचता येईना..." बाबा म्हणाले आणि लाटण्यावर फुंकर मारली. पुढचं त्यांनी सोपानवर सोडलं.

सोपानला ते झोंबलं.

"माझ्या हाताला नावं ठेवू नका. वस्तऱ्याची धार आहे ही. पट्ट्यावर शंभरदा घासली."

"दिसतंय. कागदासारखी पातळ केलीस. कुणाची दाढी करायचीय?"

सोपाननं पटाशी उजेडात धरून बघितली.

"लाकडाला गाल नसतो, सोपाना."

सोपाननं आपली पटाशी खाली ठेवली. मग अगदी नरम आवाजात म्हणाला, "तुमची पटाशी द्या ना, बाबा. एवढ्या कामापुरती."

बाबांनी मागं हात घालून फडक्यात गुंडाळलेली पटाशी काढली आणि त्याच्या हातात दिली. इतके दिवस सोपानला वाटायचं, त्या फडक्यात काहीतरी विलायती असणार. तिची मूठ त्याच्या पटाशीसारखीच तांबडी होती. आठवडी बाजारातली, त्याच पालावरची. टोकही आखूड, जाडसर. धारेवर घासायच्या सहाणेचे ओरखडे उघड दिसत होते.

त्यानं अंगठ्याच्या नखावर धार टेकवून बघितली. नाक मुरडलं.

"बाबा, राग मानू नका. हिची धार मी जरा नीट करून देतो."

आणि त्यानं खुंटीवरच्या चामडी पट्ट्याकडे हात नेला. जित्याची खोड...

बाबा उठले. त्याच्या हातातून पटाशी काढून घेतली. लेथचं बटण दाबलं. आबांच्या खुर्चीचा पाय गरगर फिरू लागला.

"बाबा, थांबा! अजून ते..."

बाबांनी पटाशी टेकवली ती बरोबर मधोमध, आणि दाबली. सागाचा भुसा उडाला. त्यांनी बटण बंद केलं.

लाकडाच्या कमरेला सगळीकडून बोटभर रुंद खाच पडली होती.

सोपाननं खाचेला बोट लावलं. त्याचे डोळे भरून आले.

"आबांचं लाकूड होतं ते..."

"होतं."

"एकच होतं, बाबा! आता काय करू मी?"

"आता बिघडलं," बाबा म्हणाले. "आता कात."

पटाशी त्याच्यासमोर ठेवून ते पुन्हा लाटण्यापाशी जाऊन बसले.

उठावं आणि निघून जावं, असं सोपानला वाटलं. या म्हाताऱ्याचा उंबरा परत चढायचा नाही. पण घरी जाऊन कुसुमला काय सांगणार? त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि रागानंच बटण दाबलं.

पहिली ढलपी निघाली. मग दुसरी. कित्येक वर्षांच्या मेणचट काळ्या थराखालून पिवळा साग वर आला, आणि त्याचा वास पडवीभर पसरला. सोपानचा राग कधी उतरला ते त्यालाही कळलं नाही. मध्येच पटाशी अडखळू लागली, तेव्हा त्यानं ती पाण्याच्या सहाणेवर दोनदा ओढली आणि परत लाकडाला लावली. पुन्हा अडखळली, पुन्हा ओढली. हातावर फिरवून बघायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही. पट्टा खुंटीवर होता तसाच राहिला.

उन्हं पडवीच्या पायरीवर आली तेव्हा त्यानं लेथ थांबवला.

दांडा झाला होता. दोन्ही टोकांना लुगडं बांधायला गोल बोंडं, मध्ये सरळ, मऊ अंग. आणि मधोमध ती खाच. काढायला जावं तर दांडा तिथं बारीक पडला असता, म्हणून त्यानं तिला हात लावला नव्हता.

तो दांडा दोन्ही हातांवर घेऊन बाबांपुढं बसला. चांगला झाला होता, हे त्याला कळत होतं, आणि म्हणूनच ती खाच जास्त सलत होती.

"सगळं जमलं, बाबा. एवढा एक डाग राहिला. आबांच्या लाकडावर..."

बाबांनी खाचेवरून अंगठा फिरवला. तिच्यात अडकलेली एक बारीकशी ढलपी काढून टाकली.

"उद्या दोरी कुठं बांधणार होतास?"