ओल्या हाताचं घड्याळ

फार वर्षांपूर्वी ऐकलेला एक आवाज अजून माझ्या कानात आहे. डोंगराच्या पायथ्याशी, एका बाजाराच्या गावात, घड्याळांचं एक दुकान होतं. दुपारचे बारा झाले की तिथल्या भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम टोले द्यायची. एकही मागं नाही, एकही पुढं नाही. म्हातारा मालक रोज सकाळी ती जुळवून ठेवायचा.

तो म्हातारा गेला आणि दुकान त्याच्या मुलाकडं, दिगंबरशेटकडं आलं. टोल्यांची घड्याळं कुणी घेईना, तेव्हा दिगंबरशेट नव्या तऱ्हेची मनगटी घड्याळं विकू लागला. ती आभाळातल्या उपग्रहांवरून जागा ओळखतात. माणूस कुठून निघाला, कसा गेला, हे लक्षात ठेवतात आणि त्याच वाटेनं त्याला परत आणतात. डोंगर चढणारे लोक ती हौसेनं घेऊन जात.

दिगंबरशेट माणूस वाईट नव्हता. फक्त दिवसाची पहिली विक्री, जिला दुकानदार भवानी म्हणतात, ती हातची गेलेली त्याला खपत नसे. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परतलं तर सगळा दिवस रिकामा जातो, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी तो देवापुढं उदबत्ती लावत होता, तोच पायरीवर बारकू ढेबे येऊन उभा राहिला. बारकू वरच्या धनगरपाड्यावरचा. म्हशी राखायचा आणि पठारावर जाणाऱ्यांना वाट दाखवायचा. वाटा त्याला तोंडपाठ होत्या, पण आता नजर कमी होत चालली होती. पठारावर धुकं उतरलं की सगळे दगड सारखे दिसतात. माणसाला वाटतं आपण सरळ चाललोय, आणि तो फिरून फिरून त्याच जागी येतो. त्याला चकवा लागला म्हणतात. बारकूला स्वतःची भीती नव्हती. पण त्याच्या मागं लोकांची पोरंबाळं असत.

शेटनं घड्याळं मांडली. पहिलं एक जाडजूड होतं. ते हातावर ठेवून बारकू म्हणाला, हे आमच्या म्हशीच्या गळ्यात शोभेल. त्याला रोजच्या वापराचं हवं होतं. धार काढताना, गवत कापताना, लग्नकार्यात, सगळीकडं हातात राहील असं. नुसतं डोंगरासाठी म्हणून पेटीत ठेवलं तर नेमक्या दिवशी ते घरीच विसरेल, असं त्याचं म्हणणं. शेवटी एक हलकं, देखणं घड्याळ त्याच्या मनगटावर नीट बसलं. त्याला बटण नव्हतं. सगळी काच, बोट फिरवलं की चित्रं बदलायची. बारकूनं एकच गोष्ट विचारली.

"शेट, वल्या हातानं चालतं न्हवं?"

दिगंबरशेटला उत्तर ठाऊक होतं. बोट ओलं असलं की त्या काचेला ते कळत नसे. धुक्यापावसात चालणारं, जाड बटणांचं घड्याळ वेगळं होतं. ते संपलं होतं आणि नवा माल आठवड्याभरात यायचा होता. "पुढच्या बाजाराला ये," एवढंच सांगायचं होतं. पण उदबत्ती अजून जळत होती आणि भवानी पायरीवर उभी होती.

"चालतं," तो म्हणाला.

पाण्याचा तांब्या तिथंच होता. बारकूनं बोट बुडवून बघितलं नाही. शेटचा शब्द त्याला पुरेसा होता.

आठवड्यानं बटणांची घड्याळं आली. शेटनं ती काचेच्या कपाटात लावली आणि बारकूला निरोप पाठवायचं ठरवलं. पण बदलून देताना कारण सांगावं लागलं असतं. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता उन्हाळा आला. उन्हात बोटं कोरडी असतात, घड्याळ झकास चाललं. बारकू खरवसाचा डबा घेऊन आभार मानायला आला. शेटनं डबा घेतला आणि नजर दुसरीकडं वळवली. ऐन पावसाळ्यात पठारावर कुणी जात नाही. तेव्हा बारकू घड्याळात फक्त किती वाजले ते बघायचा. त्यासाठी काचेला बोट लावावं लागत नसे.

भाद्रपदात पठार फुलांनी भरतं. तेव्हा शाळेतली मुलं फुलं बघायला निघाली. बरोबर एक मास्तर, आणि वाट दाखवायला बारकू. मुलांमध्ये दिगंबरशेटची एकुलती एक मुलगी मृणाल होती. शेटला ते आदल्या संध्याकाळी कळलं. तो म्हणाला, जाऊ नकोस, धुकं येईल. मृणाल हसली. म्हणाली, "बाबा, बारकूकाका आहेत. आणि त्यांच्या हातात आपलंच घड्याळ आहे."

शेटनं मान खाली घालून हिशेबाची वही उघडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन गेलं. दुकानाच्या पायरीवरून समोरचा डोंगर दिसत असे. बघता बघता त्याचा माथा नाहीसा झाला, मग खांदे, मग सगळा डोंगरच. फोन लागेना. मुलं परतायची वेळ टळून गेली. दिगंबरशेटनं कपाटातलं बटणांचं घड्याळ खिशात टाकलं, दुकान तसंच उघडं ठेवलं आणि तो धनगरपाड्याची चढण चढू लागला. चपला घसरत होत्या, धाप लागत होती, तरी तो थांबला नाही.

पाड्यावर सगळं शांत होतं. बारकूची बायको ठमाबाई चुलीवर चहा ठेवत होती. बारकूचा भाऊ कोंडिबा आणि चार-पाच गडी गोठ्याच्या पडवीत बसले होते. शेटनं पोरांना शोधायला जा म्हटलं. कोंडिबानं समजावलं, की आपण वर गेलो आणि ते दुसऱ्या अंगानं उतरले, तर उगीच चुकामूक होईल. धुक्यात जास्त माणसं म्हणजे जास्त घोर. घड्याळ असताना चकव्याचं भय नाही. ठमाबाईनं शेटपुढं चहा ठेवला.

"तुमीच तर बघून दिलंय," ती म्हणाली. "येतील."

शेट म्हणाला, तरी जाऊन या. गडी हसले. कोंडिबा म्हणाला, "आपल्याच मालावर भरवसा न्हाई व्हय शेट?"

शेटनं कप उचलला. पडवीबाहेर आता गोठ्याचा खांबही नीट दिसत नव्हता. उजेड कमी होत होता. पठाराच्या एका अंगाला सरळ तुटलेला कडा आहे, हे त्याला ठाऊक होतं. पाड्यावरचे सगळे स्वस्थ बसले होते ते त्याच्या एका शब्दावर. तो शब्द मागं घेतल्याशिवाय कुणी उठणार नव्हतं. आणि मागं घेतला, तर पुन्हा या माणसांसमोर मान वर करता येणार नव्हती.

त्यानं कप खाली ठेवला.

"नाही भरवसा," तो म्हणाला. "ते घड्याळ ओल्या हातानं चालत नाही. मला तेव्हाच ठाऊक होतं. मी खोटं बोललो."

चुलीतलं लाकूड तडतडलं. मग ठमाबाई उठली. तिनं खुंटीवरची घोंगडी काढून कोंडिबाच्या खांद्यावर टाकली आणि ती म्हणाली, "आधी पोरं आना."

गडी धावले. एकमेकांच्या आवाजाच्या टप्प्यात राहून, हाळ्या देत ते पठारावर पसरले. शेट त्यांच्या मागं चालला. धुकं इतकं दाट होतं, की पुढच्या गड्याची पाठही दिसत नव्हती. हाळी घालायची, थांबायचं, ऐकायचं. उत्तर येत नव्हतं. पुन्हा हाळी, पुन्हा थांबायचं.

बऱ्याच वेळानं लांबून बारीक आवाज आला. बारकूचा.

झालं होतं असं. धुकं उतरल्यावर बारकूनं परतीची वाट शोधायला घड्याळाच्या काचेवर बोट फिरवलं, ते हलेना. बोट सदऱ्याला पुसलं, सदरा ओला. मुंडाशाला पुसलं, तेही ओलं. मास्तरांच्या रुमालातून पाणी गळत होतं. मृणाल म्हणाली, मी लावून देते काका, आमच्या दुकानातलं आहे. तिनं पुन्हा पुन्हा बोट फिरवलं आणि शेवटी रडू लागली. तरी बारकू अंदाजानं चालत राहिला. मग एकाएकी त्याच्या तोंडावर खालून वर येणारा वारा लागला. तो जागच्या जागी थांबला. त्यानं मुलांना गोल करून बसवलं, एकमेकांचे हात धरायला लावले आणि कुणालाही पाऊल उचलू दिलं नाही. कोंडिबा पोचला तेव्हा धुकं क्षणभर फाटलं. मुलं बसली होती तिथून पुढं थोडं गवत होतं, आणि मग काहीच नव्हतं.

दिवेलागणीला सगळे पाड्यावर सुखरूप उतरले. ठमाबाईनं मुलांना चुलीजवळ घेतलं. शेटनं काय कबूल केलं, ते कोंडिबानं बारकूला वाटेतच सांगितलं होतं. मुलांनीही ते ऐकलं होतं.

दिगंबरशेट बारकूसमोर गेला. त्यानं खिशातलं घड्याळ पुढं धरलं आणि हे ओल्या हातानं चालतं, असं तो खाली मान घालून म्हणाला. बारकू रागावला नाही. त्यानं घड्याळ घेतलं. रांजणातल्या पाण्यात हात बुडवला, ओल्या बोटानं एकेक बटण दाबून बघितलं, सगळी बघितली. मग जुनं काढून शेटच्या हातावर ठेवलं.

"पोरगी सुखरूप हाय," तो म्हणाला. "घरी जावा."

मृणाल चुलीजवळून उठून आली. तिच्या अंगावर बारकूची घोंगडी होती. तिनं बापाकडं बघितलं.

"बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं," दिगंबरशेट म्हणाला.

तिनं घोंगडी काढली, नीट घडी करून ठमाबाईच्या हातात दिली आणि तिच्या पाया पडली. मास्तर बाकीच्या मुलांना घेऊन गावाच्या वाटेला लागले होते. बापानं हात पुढं केला होता. तो न धरता ती त्याच्या शेजारून मास्तरांच्या मागं निघून गेली.

तात्पर्य इतकंच: वस्तू देताना शब्दही दिला जातो, आणि घेणारा त्याच्या भरवशावर आपल्याबरोबर इतरांचाही जीव सोडतो. म्हणून तो खरा द्यावा. खोटा दिला गेला असेल, तर धुकं उतरण्याआधी जाऊन सांगावं.