मोटरबाईंची वाट

फार वर्षांमागे एका सर्किट बोर्डवर वीज वाहायला तांब्याच्या वाटा आखायला कोळी आला. आधी त्याने प्रत्येकाला विचारले, “वाट कशी हवी?”

चिप म्हणाली, “आखूड.” दिवा म्हणाला, “मोटरपासून लांब.” मोटरबाई गप्प राहिल्या. एवढा देह समोर दिसत असताना वेगळं काय सांगायचं?

एका वाटेने दुसरीला ओलांडायचं नाही, एवढा नियम पाळून कोळ्याने झटपट वाटा आखल्या. मोटरबाईंची वाटही सगळ्यांसारखीच, केसाएवढी बारीक.

“आम्ही दिसलो नाही का रे?”

“दिसलात की. पण रुंदी सांगितली नाहीत. आता रुंद करायची तर सगळ्यांच्या वाटा उकलाव्या लागतील.”

“राहू दे हो, घ्या चालवून,” चिप म्हणाली.

मोटरबाई फिरू लागल्या. त्यांना लागणारी एवढी वीज बारीक वाटेला पेलेना; ती तापली, जळाली, आणि दिव्यासकट सगळा बोर्ड काळा पडला.

कोळ्याने धुरातूनच तपासणी केली. “एकही वाट दुसरीला ओलांडत नाही,” तो समाधानाने म्हणाला.