जहाजाला कान लावण्याचा दिवस

फार पूर्वी, जहाजं शिडांवर चालायची त्या काळी, खाडीकाठच्या एका गावात जानू मेस्त्री नावाचा जहाज बांधणारा होता. नारळ, तांदूळ, कौलं भरून दूरच्या बंदरांना जाणारी व्यापाऱ्यांची जहाजं त्याच्या हातची असत. एक-दोन नव्हेत, चांगली चाळीस!

त्या गावाच्या दोन रीती होत्या. जहाज पाण्यात सोडण्याआधी मेस्त्रीने लाकडी हातोड्याने एकेक फळी ठोकायची आणि कान लावून ऐकायचं. चांगली फळी खणखणीत वाजते, आतून कुजलेली नुसती भद्द करते. त्या दिवशी गाव चिडीचूप असे. कोंबड्यासुद्धा टोपलीखाली झाकून ठेवत. दुसरी रीत अशी, की नव्या जहाजाच्या पहिल्या सफरीवर मेस्त्रीच्या घरचा एक माणूस गेलाच पाहिजे. म्हणजे बांधताना कुणी हलगर्जीपणा करायला नको.

आता जानू मेस्त्रीची गंमत ऐका. गंमत कसली, दुर्दैवच ते. जन्मभर खिळे ठोकून ठोकून त्याचे कान गेले. आधी पाखरं ऐकू येईनाशी झाली, मग देवळातली घंटा, आणि एकेचाळिसावं जहाज तयार होईतो माणसाचं बोलणंही. पण पठ्ठ्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही. ओठांकडे बघून उत्तर द्यायचा आणि चारजण हसले की आपणही हसायचा.

फसली नाही ती एकटी त्याची बायको. कान लावण्याच्या आदल्या दिवशी भात वाढून ती समोर बसली आणि सावकाश म्हणाली, "अहो, उद्या विसरामला ऐकू द्या. त्याचे कान तिखट आहेत." विसराम म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, बापाच्या हाताखाली तयार झालेला.

मेस्त्री उसळला. "चाळीस जहाजं मी वाजवली. आता सगळ्या गावासमोर पोराला पुढे करू? मग मला मेस्त्री कोण म्हणेल?"

"कुणी म्हटलं नाही तरी चालेल. जहाजावर पंधरा माणसं जायची आहेत."

मेस्त्री अर्ध्या ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी गाव जमलं. व्यापारी आला, जहाज हाकणारा तांडेल आला. मेस्त्रीने हातोडा घेतला. फळी ठोकायची, कान टेकवायचा, मान डोलवायची. त्याला काडीइतकंही ऐकू येत नव्हतं. हाताला काही जाणवेल म्हणून तो हातोडा घट्ट धरत होता, पण हाताला काय कळणार, कपाळ!

असं करत तो मागच्या बाजूला, पाण्याखाली राहणाऱ्या एका फळीशी आला. ठोकली. समोर उभ्या असलेल्या विसरामचा चेहरा उतरला. तो उतरलेला चेहरा मेस्त्रीने पाहिला. बरं का, नेमका पाहिला! "काय रे, काय ऐकलंस?" एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं.

इतक्यात पाठीमागून इब्राहिमभाई, फळ्यांच्या फटींत कापूस भरणारा जुना कारागीर, म्हणाला, "मेस्त्री, ही फळी पुन्हा एकदा वाजवा."

मेस्त्री वळलासुद्धा नाही. त्याला ऐकूच आलं नव्हतं. लोकांना वाटलं, मेस्त्रीने मुद्दाम उत्तर दिलं नाही. इब्राहिमभाईच्या मनाला ते लागलं आणि तो मागे सरला.

"खणखणीत!" मेस्त्री मोठ्याने म्हणाला. "सोडा पाण्यात!"

वाटेत विसरामने बापाला थांबवलं. "बाबा, मागची ती फळी मला बरी वाटली नाही."

"मी शिकवलं तुला, की तू मला?"

विसराम ओशाळला. बाबांना कळलं ते आपल्याला काय कळणार, असं म्हणून त्याने विषय सोडला. घरी वाट बघत बसलेल्या बायकोने विचारलं, "ऐकलं ना विसरामने?" मेस्त्री म्हणाला, "ऐकलं." तिचा जीव भांड्यात पडला.

आठ दिवसांनी माल भरून जहाज निघालं. रीतीप्रमाणे मेस्त्री स्वतः गाठोडं घेऊन आला होता. बुडालंच तर आपण बुडू, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. बाकीच्या चौदाजणांचं काय, हे मात्र त्याने मनात येऊ दिलं नाही. धक्क्यावर विसरामने ते गाठोडं काढून घेतलं. "तुम्ही थकलात बाबा. यंदा मी जातो."

मेस्त्रीने तोंड उघडलं. सगळा गाव बघत होता. त्याने तोंड मिटलं आणि मुलाच्या डोक्यावर हात ठेवला.

जहाज लांब गेल्यावर विसरामने हात हलवून काहीतरी ओरडून सांगितलं. लोक कौतुकाने मेस्त्रीकडे बघून हसले. मेस्त्रीही हसला.

महिन्याने एकटा एक खलाशी परत आला, वल्ह्याला धरून वाचलेला. तो रडत सांगत होता, "वादळ नव्हतं हो. मागची फळी फुटली. विसरामने गोधड्या कोंबल्या, पाठ लावून उभा राहिला. पाणी गळ्याशी आलं तरी हलला नाही."

धक्क्यावर चौदा घरची माणसं आक्रोश करत होती. मेस्त्रीला फक्त त्यांची उघडी तोंडं दिसत होती. तो बायकोजवळ गेला. "जाताना तो काय म्हणाला गं?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग सगळ्यांदेखत त्याच्या कानाला तोंड लावून ती जीव खाऊन ओरडली, "म्हणाला, आई, काळजी करू नकोस! बाबांनी कान लावलाय या जहाजाला!"

आक्रोश थांबला. इब्राहिमभाईने डोक्याला हात लावला. मेस्त्रीने कमरेचा हातोडा काढून त्याच्यापुढे ठेवला.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला.

त्यानंतर त्या गावात जहाज कधी कुणी एकट्याने वाजवलं नाही.

तात्पर्य: जे आपल्याला जमेनासं झालंय, ते वेळेवर सांगून टाकावं. आपली लाज आपण झाकतो आणि जीव मात्र आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्याचा जातो.