काचेच्या कपाटातली होडी

"मग या फटी बुजवायच्या कशानं, चाचा?"

सुहासनं पुन्हा विचारलं. इसाकचाचा तळ्याकडे बघत बसले होते.

संध्याकाळ उतरत होती. पाणी इतकं निवांत, की पलीकडचा डोंगर त्यात झोपी गेल्यासारखा वाटत होता.

दोघांच्या मध्ये पायरीवर होडी होती. दीड हात लांबीची, सागाची, रिमोटवर चालणारी. सुहासच्या वडिलांनी, मोरेश्वर तांडेलांनी, स्वतःच्या हातानं बांधलेली. ते गेल्यापासून ती सुहासच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात होती. आज पाण्यात सोडली, तर फळ्यांच्या फटींतून पाणी गाळणीसारखं आत आलं.

आणि उद्या जुन्या होड्यांची शर्यत!

गावाला हे वेड चाचांनीच लावलं. माळ्यावर धूळ खात पडलेल्या होड्या हुडकायच्या, डागडुजी करून पुन्हा पाण्यात सोडायच्या. त्यांच्या शर्यतीचा रिवाजही जगावेगळा. सुरुवातीला होडी चालवणाऱ्याचं नाव पुकारायचं नाही, बांधणाऱ्याचं पुकारायचं. वडिलांचं नाव या तळ्यावर एकदा घुमावं, एवढ्यासाठी सुहास पुण्याहून आला होता.

"भारीतली पुट्टी आणलीय. सकाळपर्यंत खडखडीत वाळेल."

"नको."

"का?"

चाचांनी होडीतली बॅटरी काढली, मोटर काढली, फडक्यात गुंडाळून ठेवली. मग होडी पाण्यात ठेवली... आणि तळहातानं दाबून धरली.

"चाचा! बुडेल ती!"

"बुडू दे."

बुडबुडे आले. होडी पाण्याखालच्या पायरीवर टेकली. वर राहिलं ते नुसतं पांढरं शीड.

सुहासचा पारा चढला.

"इतकी वर्षं जिवापाड जपली मी! पाण्याचा थेंब लागू दिला नाही!"

"म्हणून तर फटी पडल्या. लाकूड सुकून आकसलंय. रात्रभर पाणी पिऊ दे त्याला. फुगेल, फटी आपोआप मिटतील. पुट्टी भरली असतीस, तर फुगायला जागाच उरली नसती. फळी तडकली असती."

पण हार मानणं सुहासच्या रक्तात नव्हतं.

"मला जपणं कळतं, चाचा. बाबा गेले तेव्हा आई कोलमडली, ताई कोलमडली. सगळं मीच निभावलं. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही."

हे सांगताना त्याची मान दरवेळी ताठ होई. आजही झाली.

चाचांनी त्याच्याकडे पाहिलं. मघाशी होडीच्या फटींकडे पाहिलं होतं, तसंच.

"उद्या नाव मीच पुकारणार," ते म्हणाले. "कसं वाटतं, ऐक."

ते उठले. तोंडाशी ओंजळ धरली.

"मोरेश्वर तांडेऽऽल!"

नाव पाण्यावरून गेलं... डोंगराला लागलं... आणि हळूच परत आलं.

घरात कुणी सुहाससमोर ते नाव काढत नसे. खंबीर माणसाला कशाला आठवण द्यायची, म्हणून.

समोरचं शीड अंधुक व्हायला लागलं. काय होतंय ते सुहासला आधी कळलंच नाही. बाबा हवे होते. आत्ता, इथं, या पायरीवर हवे होते.

त्यानं घाईघाईनं बाही डोळ्यांकडे नेली.

चाचांनी त्याचं मनगट धरलं.

"पुसू नकोस. लाकूड आत्ता कुठे पाणी प्यायला लागलंय."