धामणीचं पिल्लू आणि वरून येणारा हात

फार पूर्वी, माणसं उंदरांपायी घरात धामण पाळत, तेव्हाची ही गोष्ट. सारजाबाईच्या नवऱ्याने, हैबतीने, धामणीचं एक कोवळं पिल्लू आणलं होतं. तो रोज वरून झडप घालून त्याची मान धरायचा आणि म्हणायचा, "हाताची सवय झालीच पाहिजे!" पिल्लू थरथर कापायचं. एके दिवशी ते त्याला कडकडून चावलं.

हैबतीने काठी उचलली. "खाल्ल्या घरचे वासे मोजतंस?"

"घारसुद्धा अशीच वरून येते!" पिल्लू संतापाने फुत्कारलं. "माझ्या आईला तिनेच उचललं. तुझा हात दिसला की मला रोज मरण दिसतं, आणि वर म्हणतोस, सवय कर!"

सारजाबाईने काठी हिसकावून अंगणात भिरकावली. "मागे सरा आधी!" ती कडाडली. मग पिल्लापुढे जमिनीवर तळहात उताणा ठेवून ती नुसती बसून राहिली. पिल्लू त्या दिवशी आलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आठव्या दिवशी मात्र ते हळूच तळहातावर चढलं आणि तिच्या मनगटाला विळखा घालून निवांत पडलं.

"माणसाळलं एकदाचं!" हैबती हसला.

सारजाबाईचा राग अजून उतरला नव्हता. "त्याचं झालं," ती म्हणाली, "माणसाळायचं तुमचं राहिलंय."