चतुर्दशीची पानं

“…पण बुवा, तापानं मेला तो लढाईत मेला, असं म्हणायचं तरी कसं?”

रंगराव मोहिते मठाच्या पायरीवर बसले होते. याच पायरीवर लहानपणी सोमगीरबुवांकडून अक्षरं गिरवलेली. आता कोल्हापुरात इतिहासाचे प्राध्यापक. खाली बसले तरी मान काही खाली येत नव्हती.

बुवा अळूची पानं निवडत राहिले.

पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या लढाईनं नेलेल्या गावच्या पोरांसाठी दगड उभा राहायचा होता. त्यावर आकडा कोरायचा. रंगरावांचा आकडा एक्केचाळीस. हत्यारानं मेले तेवढेच, कागदोपत्री पक्के. पुण्याचे कानिटकर म्हणत त्रेसष्ट. त्यांनी ताप, तहान, उपासमार, सगळं धरलेलं. एके काळी दोघं एका खोलीत, एका कंदिलाखाली शिकले. आता नऊ वर्षं मासिकांतून एकमेकांची सालटी काढत होते. बुवांनी एकदा एक्केचाळीस म्हटलं, की गाव ऐकणार होतं.

“तुम्ही त्या पोरांना पाहिलंय. तुम्हीच सांगा.”

बुवांचे हात थांबले. सांगू लागले, की खिंडीपर्यंत पोरं गात गेली. कुणाच्या मुंडाशात आईनं भाकरी बांधलेली. इंगवल्यांचा सखू तर वळून वळून आपल्या बैलालाच हाका मारत होता…

“तेव्हा मोजली होती का?”

“नाही रे. परत येणार होती ना.”



दिवस पितृपक्षातल्या चतुर्दशीचा, शस्त्रानं गेलेल्यांचा. लढाईनं नेलेल्यांची पानं या गावात घरी नाही, मठाच्या अंगणात मांडतात. घरातली बाई नाव घेते, मग भात पडतो. आता नाव घेणाऱ्या बाया मोजक्याच उरल्या होत्या, पानंही तेवढीच.

बुवांनी भाताची परात पुढं केली. “तुझ्या नियमानं वाढ.”

रंगराव वाढू लागले. गोळी लागलेल्याला वाढलं, तोफेनं गेलेल्याला वाढलं. इंगवल्यांची म्हातारी लेक म्हणाली, “सखाराम, माझा भाऊ.” हा तर तापाचा. रंगराव पुढं सरकले. म्हातारी नुसती रिकाम्या पानावरची माशी वारत राहिली. पुढं एक तहानेनं गेलेला. तेही पान सोडलं.

शेवटच्या पानाशी त्यांची सख्खी आत्या बसली होती.

“रामजी बाळाजी मोहिते,” ती म्हणाली.

रंगरावांचे वडील.

ते परत आले होते. ‘निरोगी, घरी रवाना’ हा पलटणीचा कागद रंगरावांनी स्वतः वाचला होता. मग चार वर्षं खाटेवर खोकत काढली. खोकला जरा थांबला की रंग्याला जवळ घेऊन खजुराच्या बागा सांगायचे, नदीवरच्या गोल होड्या सांगायचे… एके सकाळी सांगणं अर्ध्यावरच राहिलं.

कानिटकरांच्या त्रेसष्टांतही ते नव्हते.

“आत्या, आबा तर घरात गेले.”

“घरी आला कुठं तो?” आत्या म्हणाली. “वाढ. शिकलास म्हणून बापाला उपाशी ठेवतोस होय?”

रंगरावांनी वाढलं. मूठ भरून, पुन्हा एकदा मूठ भरून. मग परात धरून तसेच ओणवे राहिले.

“बुवा… दगडावर किती घालायचे?”

बुवा अंगणाकडं बघत होते.

“दगडाचं राहू दे. मागं दोन पानं कोरडी आहेत.”